ब्लड कॅन्सर: आधी विचारा, कोणता?

‘ब्लड कॅन्सर निघालाय’ एवढं कानावर पडलं की घरात चूल पेटत नाही. भेटायला येणारेही शेवटचं बघून घ्यावं तसे येतात. पण ब्लड कॅन्सर हा एक आजार नव्हेच. ल्युकेमिया, लिम्फोमा, मायलोमा ही मोठी घराणी, आणि प्रत्येकात कितीतरी प्रकार. काही प्रकारांत आठवडाभराचा उशीरही महागात पडतो, तर काहींत डॉक्टर वर्षानुवर्षं नुसती तपासणी करत राहतात.

सीएमएल या ल्युकेमियाचंच बघा. यात 9 आणि 22 क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते आणि त्यातून बनलेलं प्रथिन पेशींना वाढत राहायला लावतं. ते प्रथिन रोखणारी इमॅटिनिब ही गोळी 2001 मध्ये आली. एके काळी काही वर्षांत माणूस नेणारा हा आजार आता बहुतेकांना मधुमेहासारखा रोजच्या गोळीवर सांभाळता येतो.

‘मणक्यातलं पाणी काढलं की पाय जातात’ ही भीती तर घरोघरी. पण निदानासाठीच्या बोनमॅरो तपासणीत, म्हणजे हाडातल्या मगजाच्या तपासणीत, मणक्याला हातच लावत नाहीत. रुग्णाला कुशीवर झोपवतात, कमरेच्या हाडाच्या मागच्या बाजूला भूल देतात, सुईने थोडा मगज ओढतात आणि हाडाचा बारीक तुकडा घेतात. ओढताना क्षणभर जोराची कळ येते, हे खरं. पण कॅन्सर नेमका कोणता, हे अनेकदा त्या नमुन्यावरून ठरतं.

‘रक्त बदललं की बरा होईल’ असंही सांगतात. चढवलेल्या लाल पेशी शरीरात फार तर 120 दिवस टिकतात, प्लेटलेट तर काहीच दिवस. बिघाड अनेकदा रक्त तयार करणाऱ्या मगजातच असतो. रक्त चढवल्याने केमोथेरपी झेपायला बळ मिळतं, आजार जात नाही. पपईच्या पानांच्या रसानेही जात नाही.

सगळ्यात जीव तुटतो तो लहान मुलांसाठी. त्यांच्यात जास्त दिसणारा एएलएल हा ल्युकेमिया पूर्ण उपचारांनी बहुसंख्य मुलांत बरा होतो. पण उपचार दोन ते तीन वर्षं चालतात. पहिल्या काही आठवड्यांतच ताप उतरतो, मूल खेळायला लागतं आणि घरच्यांना वाटतं, झालं बरं. तेव्हाही पेशी लपून बसलेल्या असतात. पैसे संपले असतील तर रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात जा, महात्मा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. पण उपचार अर्धवट टाकून मुलाला गावी नेऊ नका.