पकड आणि लाथ: दिव्यांगांच्या युद्धकला

दिव्यांग व्यक्तीला युद्धकला शिकवायची, तर ती कला शरीराच्या कोणत्या अवयवावर उभी आहे हे आधी पाहावे लागते. ज्युदो पकडीवर चालतो, तायक्वांदो लाथेवर. म्हणून दृष्टिहीनाला ज्युदो साधतो आणि एक हात नसलेल्याला तायक्वांदो.

पॅरा ज्युदोत नियमांतला मुख्य बदल छोटासाच आहे. एरवी खेळाडू पकड मिळवण्यासाठी झगडतात; इथे दोघांनी एकमेकांचे जॅकेट धरल्यावरच लढत सुरू होते. पुढे प्रतिस्पर्ध्याचा भार कोणत्या पायावर गेला, तो ओढणार की ढकलणार, हे बाहीच्या ताणातून कळते. पॅरालिंपिकमध्ये हा खेळ 1988 पासून आहे. 2024 मध्ये पॅरिसला मध्य प्रदेशच्या कपिल परमारने 60 किलो गटात कांस्य जिंकले. ज्युदोतले ते भारताचे पहिले पॅरालिंपिक पदक.

स्पर्शाने शिकण्याची ही रीत महाराष्ट्राला मल्लखांबातून ठाऊक आहे. मल्लांना पूरक असा हा व्यायाम नाशिक जिल्ह्यातल्या कोठुऱ्याचे बाळंभटदादा देवधर यांनी दुसऱ्या बाजीरावाच्या काळात पुढे आणला. दादरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिरात उदय देशपांडे यांनी अंध मुलींनाही तो शिकवला. दोरीच्या मल्लखांबात दोरी पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट यांच्यात आवळतात. ती पकड नीट बसली की नाही, हे बघून नव्हे, बोटांनाच समजते.

तायक्वांदो टोकियो पॅरालिंपिकपासून खेळला जातो. हात नसताना चेहरा राखणे अवघड, म्हणून डोक्यावर लाथ मारायला बंदी आहे; गुण फक्त धडावरच्या लाथेला. हरियाणाची अरुणा तंवर पॅरालिंपिकमध्ये या खेळात उतरलेली पहिली भारतीय. कराटेत व्हीलचेअरवरच्या खेळाडूंसाठी लढतीऐवजी काताच्या, म्हणजे ठरावीक हालचालींच्या क्रमाच्या, स्पर्धा होतात.

नाशिकच्या अंबडसारख्या औद्योगिक वसाहतीत पॉवर प्रेसवर काम करणाऱ्यांच्या हाताला धोका असतो, त्यामुळे हा विषय तिथे फार जवळचा आहे. दिव्यांगांना खेळात सहभागी होता यावे, हे 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारवर सोपवले आहे. पण वर्ग दुसऱ्या मजल्यावर असला आणि लिफ्ट नसली, तर तो हक्क जिन्यापाशीच अडतो. तळमजल्यावरची खोली, मॅट, डॉक्टरांचा सल्ला आणि धीराचा प्रशिक्षक एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. पहिला धडा पडण्याचा. हात नसलेल्या बाजूला पडताना मॅटवर आपटायला तळहात नसतो. त्यामुळे हनुवटी छातीला लावून, पाठ गोल करून कलंडण्याचा सराव आधी बसून, मग उकिडवे आणि शेवटी उभ्याने करून घ्यावा लागतो.