डेव्हिल मे क्राय

खड्गयुद्धप्रधान जपानी व्हिडिओ खेळ. ओसाका येथील ‘कॅपकॉम’ या कंपनीने तो तयार केला आणि ऑगस्ट २००१ मध्ये सोनी कंपनीच्या ‘प्लेस्टेशन २’ या क्रीडायंत्रासाठी जपानात प्रसिद्ध केला. त्याच वर्षअखेरपर्यंत तो अमेरिकेत व यूरोपातही उपलब्ध झाला. हिदेकी कामिया हे त्याचे दिग्दर्शक होत. तलवारीसारख्या शस्त्रांनी शत्रूंची छाटाछाट करणे हेच ज्यांचे प्रमुख अंग असते, अशा खेळांना ‘हॅक अँड स्लॅश’ असे म्हणतात. या वर्गातील खेळ म्हणजे हाताला येईल ती कळ दाबत सुटण्याचा उद्योग, असा समज दीर्घकाळ प्रचलित होता. शत्रू मारला किंवा नाही एवढेच न पाहता तो कशा रीतीने मारला हे मोजण्याची व्यवस्था ‘डेव्हिल मे क्राय’ने त्रिमितीय खेळांत रूढ केली. त्यामुळे या प्रकारच्या खेळांचे परीक्षण कोणत्या कसोट्यांवर करावे, हा प्रश्नही नव्याने पुढे आला.

पूर्वपीठिका : ‘हॅक अँड स्लॅश’ ही संज्ञा मूळची व्हिडिओ खेळांची नव्हे. अमेरिकेत १९७४ मध्ये निघालेला ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ कागद, फासे व कल्पनाशक्ती यांच्या साहाय्याने टेबलाभोवती बसून खेळला जातो. त्यात कथेकडे व पात्रांच्या स्वभावाकडे दुर्लक्ष करून केवळ लढाया करीत राहणाऱ्यांच्या खेळण्याला उद्देशून ही संज्ञा काहीशा तुच्छतेने वापरली जाई. पुढे ती संगणकीय खेळांना लावण्यात आली. नाणे टाकून खेळावयाच्या यंत्रांवरील ‘गॉन्टलेट’ (१९८५) व ‘गोल्डन ॲक्स’ (१९८९) हे या प्रकारातील लोकप्रिय द्विमितीय खेळ होत. ‘डायाब्लो’ (१९९६–९७) या वैयक्तिक संगणकावरील खेळातही शत्रूंची अखंड छाटाछाट आहे. तथापि तेथे हाताच्या कौशल्यापेक्षा पात्राचे वाढत जाणारे सामर्थ्य आणि सापडणारी शस्त्रे यांना अधिक महत्त्व असते.

त्रिमितीय दृश्यांचे तंत्र आल्यावर तलवारीच्या लढाईत एक अडचण निर्माण झाली. सपाट चित्रात शत्रू डावीकडे किंवा उजवीकडे असतो व त्याचे अंतर सहज कळते. खोली असलेल्या दृश्यात मात्र तलवार नेमकी कोठवर पोहोचेल आणि वार कोणत्या दिशेने जाईल, हे ठरविणे कठीण होते. या अडचणीवर काढलेला तोडगा हे ‘डेव्हिल मे क्राय’चे ऐतिहासिक कार्य होय.

निर्मिती : हा खेळ आरंभी ‘रेसिडेंट ईव्हिल’ या कॅपकॉमच्याच भयप्रधान मालिकेचा चौथा भाग म्हणून योजण्यात आला होता. मालिकेचा दुसरा भाग (१९९८) दिग्दर्शित करणाऱ्या कामिया यांच्याकडे हे काम सोपविले होते. तथापि त्यांच्या कल्पनेतील नायक चपळ, बेडर व मिश्किल होता. जपून पावले टाकणाऱ्या, गोळ्या मोजून वापरणाऱ्या नायकाच्या परंपरेत तो बसेना. मालिकेचे जनक शिंजी मिकामी यांच्या विचारानुसार अखेर तो प्रकल्प मालिकेपासून वेगळा काढून स्वतंत्र खेळ म्हणून पूर्ण करण्यात आला. पार्श्वभूमीच्या चित्रणासाठी निर्मात्यांनी यूरोपातील गॉथिक वास्तूंचा अभ्यास केला. खेळातील सर्वांत प्रसिद्ध युक्ती एका दोषातून सुचली. कॅपकॉमच्याच ‘ओनिमुशा’ (२००१) या खेळाची चाचणी चालू असता तलवारीच्या लागोपाठ वारांनी शत्रूला अधांतरी ठेवता येते, असे कामियांच्या ध्यानात आले. तेथे ती चूक होती. येथे तिला नियमाचे रूप देण्यात आले.

कथानक : दान्ते हा तांबडा अंगरखा घातलेला, अर्धा मानव व अर्धा दानव असलेला नायक आहे. दानवांची शिकार हा त्याचा व्यवसाय असून त्याच्या कचेरीचे नाव हेच खेळाचेही नाव आहे. त्याचा पिता स्पार्डा याने दोन हजार वर्षांपूर्वी मानवांची बाजू घेऊन दानवराज मुंडुस याला कोंडून टाकले होते. मुंडुस परतत असल्याची वार्ता घेऊन ट्रिश ही स्त्री येते व दान्ते मॅलेट नावाच्या बेटावरील किल्ल्यात शिरतो. नायकाचे नाव इटालियन महाकवीवरून घेतले असले, तरी त्याच्या काव्याशी कथेचा संबंध नावांपुरता व काही सूचक प्रसंगांपुरताच आहे. कथा साधी आहे. ती लढायांना क्रम व कारण पुरविते.

क्रीडापद्धती : खेळ २३ मोहिमांत विभागलेला आहे. खेळाडू नियंत्रकावरील एक कळ दाबून धरतो, तेव्हा नायकाचे लक्ष एका शत्रूवर स्थिर होते. त्यानंतर दिशा शत्रूच्या संदर्भात मोजल्या जातात. दिशादंड शत्रूकडे ढकलून वार केल्यास नायक दुरून झेपावून तलवार भोसकतो. दंड उलट बाजूस ओढून वार केल्यास तो शत्रूला वर उडवितो. उडालेल्या शत्रूला पिस्तुलांच्या गोळ्यांनी हवेत अडकवून ठेवता येते किंवा स्वतः उडी घेऊन वर गाठता येते. अशा प्रकारे त्रिमितीय अवकाशातील दिशांचा गोंधळ ‘पुढे’ व ‘मागे’ या दोन सोप्या कल्पनांवर आणण्यात आला. ‘अलास्टर’ ही विजेची तलवार व ‘इफ्रित’ हे अग्नीचे हातमोजे यांची गती व वजन भिन्न असल्याने त्यांच्या वापराचे क्षणही भिन्न आहेत.

वारांची साखळी अखंड राहिली, तर पडद्यावर एकेक शेरा उमटत जातो. ‘डल’, ‘कूल’, ‘ब्राव्हो’, ‘ॲब्सोल्यूट’ व ‘स्टायलिश’ अशी त्यांची चढती भाजणी असून त्यांची आद्याक्षरे इंग्रजी शाळांतील श्रेणींची आठवण करून देतात. उच्च शेऱ्यामुळे अधिक लाल गोल मिळतात व ते खर्चून नवे डाव विकत घेता येतात. मोहीम संपली की लागलेला वेळ व मिळविलेले गोल यांवरून श्रेणी दिली जाते. जिंकणे ही केवळ उत्तीर्ण होण्याची अट ठरते व नैपुण्याचे मोजमाप त्यापुढे सुरू होते.

परीक्षणाच्या कसोट्या : या वर्गातील खेळाचे परीक्षण करताना चित्रांची झळाळी, कथा व संगीत यांविषयी लिहिणे सोपे असते, कारण ती पाहून वा ऐकून कळतात. लढाईचा दर्जा मात्र हातालाच कळतो. तो तपासण्यासाठी पुढील कसोट्या उपयुक्त ठरतात.

पहिली कसोटी प्रतिसादाची. कळ दाबणे व पडद्यावर कृती दिसणे यांतील अंतर जितके कमी, तितका खेळाडूचा हेतू अचूक उतरतो. हा खेळ सेकंदाला ६० चित्रचौकटींच्या गतीने चालतो, म्हणजे एक चौकट सु. १७ सहस्रांश सेकंद टिकते. गती निम्म्यावर आली, तर हा काळ दुप्पट होतो. ‘डीएमसी’ (२०१३) हा ब्रिटनमधील ‘निन्जा थिअरी’ या संस्थेने तयार केलेला नवा अवतार त्या वेळच्या क्रीडायंत्रांवर सेकंदाला ३० चौकटींच्या गतीने चालत असे. जुन्या खेळाडूंचा त्यावर मोठा आक्षेप होता. २०१५ च्या सुधारित आवृत्तीत ही गती ६० करण्यात आली.

दुसरी कसोटी न्यायाची. कठीण खेळ व अन्यायी खेळ यांत भेद करणे हे परीक्षकाचे मुख्य कर्तव्य होय. शत्रूचा वार येण्यापूर्वी त्याची पूर्वसूचना एखाद्या हालचालीतून किंवा आवाजातून मिळत असेल, तर हरलेल्या खेळाडूला आपले काय चुकले हे समजते व तो पुन्हा प्रयत्न करतो. ‘डेव्हिल मे क्राय’मधील कात्रीधारी पिशाच्च वार करण्यापूर्वी कात्री उघडते, त्याच क्षणी तलवार चालविल्यास तो वार परतविता येतो. या बाबतीत खेळ बहुतांशी प्रामाणिक आहे. त्याचा कॅमेरा मात्र नेहमी तसा नसतो. दृश्यकोन स्थळानुसार ठरलेले असल्याने अरुंद खोल्यांत शत्रू चौकटीबाहेर राहतो आणि न दिसलेल्या वाराची शिक्षा भोगावी लागते. मूळच्या भयप्रधान खेळाकडून आलेला हा वारसा भीतीला पोषक असला, तरी तलवारबाजीस मारक आहे.

तिसरी कसोटी विविधतेच्या गरजेची. डाव पुष्कळ असून भागत नाही. ते वापरावयास खेळाने भाग पाडले पाहिजे. ‘शॅडो’ नावाचा काळ्या चित्त्यासारखा शत्रू तलवारीच्या वाराला उलट टोचून उत्तर देतो. प्रथम गोळ्या झाडून त्याचे कवच उतरवावे लागते व मगच तलवारीचा उपयोग होतो. उलटपक्षी मालिकेच्या दुसऱ्या भागात (२००३) दुरून पिस्तुले झाडत राहूनही बहुतेक शत्रू मरतात. त्यामुळे डाव असूनही ते अनावश्यक ठरले व तो भाग मालिकेतील सर्वांत दुबळा मानला जातो. तिसऱ्या भागात (२००५) तोच तो डाव पुन्हापुन्हा वापरल्यास शेरा वाढत नाही, अशी व्यवस्था करून हा दोष दूर करण्यात आला.

चौथी कसोटी काठिण्याच्या श्रेणीकरणाची. आरंभी वारंवार हरणाऱ्यास पहिला भाग सोपी पातळी देऊ करतो. तीत अवघड डाव आपोआप घडतात. सर्वांत कठीण पातळ्या मात्र खेळ पूर्ण केल्यावरच उघडतात. म्हणून एकदाच व सामान्य पातळीवर खेळून लिहिलेले परीक्षण अपुरे राहते. तिसऱ्या भागाच्या अमेरिकी आवृत्तीत जपानी आवृत्तीतील कठीण पातळीच ‘सामान्य’ म्हणून देण्यात आली होती. २००६ च्या विशेष आवृत्तीत ती पूर्ववत करावी लागली. एकाच खेळाविषयी दोन देशांतील मते भिन्न असण्याचे कारण असे कधी कधी खेळातच सापडते.

मूल्यमापन : पहिल्या भागातील काही अंगे आज जीर्ण वाटतात. पाण्याखालील लढाया व अखेरच्या युद्धातील उड्डाणाचा भाग यांत मूळ पद्धतीचा त्याग केल्याने आधी कमावलेले कौशल्य निरुपयोगी होते. त्याच त्या दालनांतून पुन्हा फिरणेही कंटाळवाणे आहे. हिंसाचारामुळे अमेरिकेत हा खेळ १७ वर्षे व त्यापुढील वयाच्या व्यक्तींसाठी असल्याचे चिन्हांकित करण्यात आले होते. पालकांच्या दृष्टीने ही बाब दुर्लक्षणीय नाही. तथापि लढाईच्या मूळ व्याकरणाचा प्रभाव टिकून आहे. ‘निन्जा गायडेन’ (२००४) व ‘गॉड ऑफ वॉर’ (२००५) हे याच वाटेने आले. कामियांच्या ‘बायोनेटा’ (२००९) या खेळात शत्रूचा वार शेवटच्या क्षणी चुकविल्यास काळाची गती मंदावते, म्हणजेच अचूक वेळ साधणे हेच बक्षिसाचे कारण ठरते. मालिकेचा पाचवा भाग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिले तीन भाग एकत्रित स्वरूपात २०१२ मध्ये व पुढे २०१८ मध्ये नव्या क्रीडायंत्रांवर आणण्यात आले, त्यामुळे जुने क्रीडायंत्र नसलेल्या अभ्यासकासही मूळ खेळ पडताळून पाहता येतो.

महाराष्ट्रात या परंपरेशी नाते सांगणारा प्रयत्न पुणे येथील ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या संस्थेने ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ (२०२०) या खेळाच्या रूपाने केला. हरवलेल्या धाकट्या भावाच्या शोधात निघालेली राजी त्रिशूळ, धनुष्य व ढाल-तलवार यांनी असुरांशी लढते. खांबांभोवती गिरकी घेऊन व भिंतीवरून उसळून वार करणे हे तिच्या युद्धाचे वैशिष्ट्य आहे. राजस्थानी वास्तुशैली व छायाबाहुल्यांच्या तंत्राने सांगितलेली कथा यांची प्रशंसा झाली. लढाईच्या अचूकतेविषयी मात्र परीक्षकांचे मत संमिश्र राहिले. सुंदर चित्रांइतकाच हाताला मिळणाऱ्या प्रतिसादावर या प्रकाराचा दर्जा ठरतो, याचा प्रत्यय या उदाहरणातूनही येतो.