चिंग लान सोलापूरला कशी आली?

मुर्री असो की गोंदियातलं दुसरं कुठलं गाव, झाडीपट्टीत दंडार हे लोकनाट्य पाहत वाढलेल्या माणसाला पुरुषानं लुगडं नेसून बाई साकारलेली खटकत नाही. सोंग आहे हे ठाऊक असतं, आणि ते वठलं की झालं. त्यामुळे व्ही. शांतारामांच्या ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’मध्ये (१९४६) जयश्रीबाई चिनी तरुणी चिंग लान झाल्या, बाबूराव पेंढारकर चिनी सेनानी झाले, या तक्रारीत मला फारसा रस नाही. मला खटकतो तो सिनेमाचा शेवट.

१ सप्टेंबर १९३८ रोजी काँग्रेसनं पाठवलेले पाच डॉक्टर जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला मुंबईहून बोटीनं निघाले. अटल, चोळकर, मुखर्जी, बसू आणि सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस. यातले चोळकर नागपूरचे, म्हणजे आमच्याच बाजूचे, आणि वयानं थोर. पण १९४२च्या ९ डिसेंबरला कोटणीस तिकडेच अपस्माराच्या झटक्यांनी गेले आणि गोष्ट त्यांची झाली. ख्वाजा अहमद अब्बास यांनी पुस्तक लिहिलं. पुढे अब्बास आणि वसंत साठे यांनी पटकथा केली. बाकीचे चौघे कडेला राहिले. आमच्या भागात तरी चोळकरांची आठवण कितीजणांना असेल!

सिनेमात पती कोटणीस गेल्यावर चिंग लान बाळाला घेऊन सासरी, भारतात येते. १९४६च्या प्रेक्षकाचे डोळे पाणावले असणार. कोटणिसांच्या प्रत्यक्षातल्या पत्नी क्वो छिंगलान मात्र चीनमध्येच राहिल्या. भारतात आल्या त्या पुढे, पाहुण्या म्हणून. परक्या देशातली शिकलेली, युद्धात काम करणारी परिचारिका पडद्यावर आणायची, तिला आदरानं वागवायचं आणि शेवटी आपल्या उंबरठ्यावर सून म्हणून उभी करायची. शांतारामांच्या हेतूबद्दल शंका नाही. पण तिची गोष्ट आपल्या सोयीनं संपवली गेली, हेही खरंच.

त्याच सुमारास सोव्हिएत सिनेमात या सोंगाच्या उलट घडत होतं. मार्क दोन्स्कॉय यांनी १९४५च्या ‘नेपोकोरेन्निये’मध्ये ज्यूंचं हत्याकांड दाखवलं, तेही कीवच्या बाबी यार इथंच चित्रण करून. सप्टेंबर १९४१मध्ये जर्मनांनी तिथं दोन दिवसांत तेहतीस हजारांवर ज्यू मारले होते. ज्यू डॉक्टरची भूमिका केली वेन्यामिन झुस्किन या ज्यू नटानं. इथं सोंग नव्हतं. तरीही कथेचा नायक युक्रेनी कामगार तारास. डॉक्टर मरणाऱ्यांत. आणि झुस्किन? ऑगस्ट १९५२मध्ये स्टालिनच्या राजवटीनं त्यांना गोळ्या घातल्या. पडद्यावर जागा मिळाली म्हणून पडद्याबाहेर मिळतेच असं नाही.

आपल्याकडेही फार वेगळं झालं नाही. १९६२च्या भारत-चीन युद्धानंतर भारतातल्या चिनी वंशाच्या हजारो माणसांना राजस्थानात देवळीच्या छावणीत डांबलं गेलं. चिंग लानसाठी रडलेल्या देशात त्यांची बाजू घेणारे थोडेच निघाले. पुढे हिंदी सिनेमात चिनी माणूस बहुतेक वेळा शत्रू किंवा खलनायक म्हणूनच आला.

क्वो छिंगलान २०१२ साली चीनमधल्या दालियान इथं वारल्या.