पडदे रंगवणाऱ्याचा कॅमेरा

1916 साली आनंदराव पेंटर वारले, तेव्हा कॅमेरा अर्धाच झाला होता. मागे राहिले भाऊ बाबूराव, वय वर्षं 26, आणि एक न जमलेलं यंत्र.

हे दोघे मूळचे मेस्त्री. कोल्हापुरातलं कारागिराचं घर, बाबूरावांचे वडील कृष्णराव सुतारकी-लोहारकीपासून मूर्तिकामापर्यंत सगळ्यात वाकबगार. मुलं नाटक कंपन्यांचे पडदे रंगवू लागली आणि आडनाव मागे पडून 'पेंटर' हेच नाव चिकटलं. संगीत नाटकांचा तो भराचा काळ. राजवाडा, अरण्य, नदीकाठ, सगळं कापडावर उभं करायचं. मागच्या बाकावरच्या प्रेक्षकालाही खांबाची गोलाई जाणवली पाहिजे, आणि कापड तर सपाटच राहणार. सपाट जागेत खोली भासवण्याचा हा हात बाबूरावांना पुढे फार उपयोगी पडला, पण वेगळ्याच रीतीने.

1913 मध्ये दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला. तो पाहून पुष्कळ जण थक्क झाले आणि घरी गेले. पेंटर बंधूंनी मुंबईच्या जुन्या बाजारातून एक प्रोजेक्टर विकत आणला, तो चालवून लोकांना चित्रपट दाखवायला सुरुवात केली आणि दाखवता दाखवता ते शिकत गेले. धंद्याच्या दृष्टीने तो खेळ होता, त्यांच्या दृष्टीने ती शाळा. प्रोजेक्टर उघडून नीट पाहिला की अर्धा कॅमेरा डोळ्यांसमोर येतो. एकात उजेड आतून बाहेर जातो, दुसऱ्यात बाहेरून आत येतो. फिल्म पुढे सरकवण्याची युक्ती दोन्हीकडे तीच.

तीच तर सगळ्यात अवघड. फिल्म सरळ धावून चालत नाही. तिने क्षणभर ठार थांबायचं, तेवढ्यात झडप उघडून उजेड आत घ्यायचा, झडप मिटायची, मग फिल्म चार भोकं पुढे ओढली जायची आणि पुन्हा थांबायची. हे सगळं सेकंदाला साधारण 16 वेळा. फ्रान्समध्ये लुई ल्युमिएरला ही ओढ-थांब शिलाई मशीनवरून सुचली असं सांगतात. झडप आणि ओढ यांचा मेळ केसभर चुकला तर माणसाच्या जागी पांढरा ओघळ उमटतो. भोकांतलं अंतर जरा इकडेतिकडे झालं की पडद्यावर सगळं जग थरथरतं. हाताने दांडा फिरवायचा तोही एकाच लयीत, सेकंदाला दोन फेरे. तेवढ्यात एक फूट फिल्म खर्च होते, आणि फिल्म परदेशातून यायची, म्हणजे चुकीची किंमत फुटाफुटाने मोजायची.

मग विकत का नाही घेतला? फाळक्यांनी तेच केलं होतं. 1912 मध्ये लंडनला जाऊन विल्यमसनचा कॅमेरा आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र आणलं. त्याआधी, 1905 मध्ये, बाल्कनमध्ये यानाकी आणि मिल्टन या मानाकी बंधूंनी लंडनहूनच बायोस्कोप कॅमेरा मागवला. मॅसेडोनियातल्या बिटोला गावी त्यांचा फोटो स्टुडिओ होता. आपल्या शंभरी ओलांडलेल्या आजीला सूत कातताना त्यांनी टिपलं, आणि तिथला सिनेमा त्या चित्रफितीपासून मोजला जातो. तेही दोघे भाऊ, हातात आधीची कला, गाव राजधानीपासून लांब. कोल्हापूरच्या भावांशी जुळतं सगळं, फक्त इथे एवढा पैसा नव्हता आणि 1914 पासून महायुद्धाने परदेशी मालाची वाट अडवली होती. मेस्त्रींच्या घरात अशा वेळी जे करतात तेच झालं. स्वतः बनवायचं.

आनंदरावांनंतर बाबूरावांच्या बरोबर उभे राहिले विष्णुपंत दामले. मूळ पेणचे, पडद्याच्या कामातले बाबूरावांचे शागीर्द, आणि यंत्रात डोकं चालणारे. 1918 मध्ये त्या दोघांचा कॅमेरा चालू झाला. पडदे रंगवणाऱ्या दोघांनी घडवलेल्या यंत्रात चित्र स्थिर उमटलं. पैशाची बाजू सावरली तानीबाई कागलकरांनी. गाणाऱ्या बाईच्या भांडवलावर महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली, हे आपल्या सिनेमाच्या इतिहासात जितकं ठळक असायला हवं तितकं नाही.

7 फेब्रुवारी 1920. पुण्याचं आर्यन थिएटर. 'सैरंध्री'. फाळक्यांच्या चित्रपटात तारामती पुरुषाने केली होती, इथे गुलाबबाई आणि अनसूयाबाई पडद्यावर होत्या. पण गाजला तो कीचकवध. झुंजारराव पवारांचा कीचक आणि बाळासाहेब यादवांचा भीम. तो प्रसंग इतका खरा वाटला की प्रेक्षक हादरले आणि पुढे ते दृश्य कापावं लागलं. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हटलं. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये टिळक गेले, त्यामुळे ही पदवी अगदी शेवटच्या महिन्यांतली.

गोष्ट इथे संपवायची पद्धत आहे. पहिला देशी कॅमेरा, लोकमान्यांची शाबासकी, टाळ्या. मला मात्र वाटतं, कॅमेरा हा बाबूरावांचा लहान शोध. मोठा पुढेच आहे.

त्या काळची फिल्म तांबड्या रंगाला आंधळी होती. लाल लुगडं पडद्यावर काळं दिसायचं, कपाळावरचं कुंकूही काळं, आणि निळं आभाळ पांढरंफटक. ज्याची सगळी कमाई रंगांवर, त्याच्या हातून रंगच काढून घेतले. रंगवलेला पडदा मागे लावावा तर कॅमेरा ते कापडच आहे हे उघडं पाडतो. रंगभूमीवर लांबून दिवे मारल्यावर जे खपतं ते भिंगासमोर खपत नाही. बाबूरावांनी मग आपल्याच धंद्यावर पाणी सोडलं. पडदे काढले आणि भरीव सेट उभे केले. त्यात भिंतीला जाडी होती, दारातून पलीकडची खोली दिसायची, पात्रं वस्तूंच्या पुढून-मागून वावरायची. खोली आता रंगवायची नव्हती, उजेड-सावलीने घडवायची होती. 'सिंहगड' (1923) मध्ये त्यांनी कृत्रिम दिवे वापरले आणि सूर्याच्या वेळापत्रकातून सुटले. चित्रीकरणाआधी पोशाखांची, पात्रांच्या हालचालींची रेखाटनं स्वतः काढायचे. पोस्टरंही स्वतः रंगवायचे, म्हणजे रंग अगदीच वाया गेले नाहीत. प्रेक्षकांच्या हाती चित्रपटाची पुस्तिका देण्याची रीतही त्यांनीच लवकर पाडली.

'सिंहगड'ची गर्दी पाहून सरकारला करमणूक कराची कल्पना सुचली असं सांगतात. मुंबई इलाख्याचा तो कायदा 1923 चाच, पण कर बसवायला सरकारला एवढं निमित्त लागतं असं वाटत नाही.

आणि मग 1925. देवादिक, पुराणं, मराठ्यांचा इतिहास यांच्या राज्यात बाबूरावांनी ना. ह. आपट्यांच्या कथेवरून 'सावकारी पाश' काढला. त्यात चमत्कार नाही, तलवार नाही. कर्जात जमीन गमावून शहराची वाट धरणारा एक शेतकरी आहे. ती भूमिका केली होती कंपनीतल्या शांताराम वणकुद्रे नावाच्या तरुणाने. लोकांना चित्रपट फारसा रुचला नाही. कीचकाच्या रक्ताने हादरणाऱ्या प्रेक्षकाला शेजारच्या माणसाची जमीन जाताना पाहण्यात काय करमणूक वाटणार? माझ्या मते बाबूरावांचा खरा शोध तो हाच: ज्या यंत्राने देव दाखवता येतात त्यानेच सावकाराची वहीही दाखवता येते. तो मूक चित्रपट आज उपलब्ध नाही. 1936 मध्ये त्यांनी तो बोलपटात पुन्हा केला. अंधुक उजेडातली दूरवरची उदास झोपडी आणि कुत्र्याचं रडणं, हे त्यातलं दृश्य जे. बी. एच. वाडियांसारख्या स्टंटपटांच्या निर्मात्यालाही आयुष्यभर विसरता आलं नाही.

कंपनी मात्र तोवर सरली होती. 1929 मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर बाहेर पडले आणि सीताराम कुलकर्णींना बरोबर घेऊन कोल्हापुरातच 'प्रभात' काढली. गुरूच्या घरातली माणसं, गुरूच्या हाताखाली शिकलेली, गुरूच्याच गावात. बाबूराव चित्र आणि शिल्पाकडे वळले, मधूनमधून चित्रपट करत राहिले. दामले-फत्तेलालांचा 'संत तुकाराम' 1937 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात नावाजला गेला, आणि 1947 मध्ये शांतारामांच्या 'राजकमल'ने 'लोकशाहीर रामजोशी' काढला तेव्हा दिग्दर्शक म्हणून शांतारामांबरोबर नाव होतं बाबूराव पेंटरांचं.