वरठीवरून गेलेली ती गाडी

वरठीच्या भंडारा रोड स्टेशनवर गाडीची वाट बघताना हे आठवून बघा. याच नागपूर–राजनांदगाव मार्गावर, १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला, रेल्वेत एका युरोपियन सहप्रवाशानं कवी नारायण वामन टिळकांना बायबलची प्रत दिली. वर भाकीतही केलं: दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल! टिळक वाचत गेले आणि मत्तयातल्या डोंगरावरील प्रवचनापाशी अडकले. फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. (त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर काय गुदरलं, त्यासाठी त्यांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचाच.)

माझ्या मते टिळकांची खरी कमाल पुढची. त्यांनी ख्रिस्ती कीर्तनं केली, भजनं रचली. कीर्तनाचा साचा बायबलला चपखल बसतो: पूर्वरंगात एखादं वचन घेऊन निरूपण, उत्तररंगात उधळ्या पुत्राचं आख्यान. टाळ-पेटी आहेच. कोरड्या उपदेशापेक्षा हे केव्हाही सरस!

आपल्या भागातही ख्रिस्ती परंपरा जुनी आहे: भंडाऱ्यात स्कॉटिश मिशनचं काम १८८० च्या दशकापासूनचं. पुढे २९ नोव्हेंबर १९७० ला सहा चर्चपरंपरा एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झालं, तेही आपल्या नागपुरात. टिळकांची गीतं मराठी उपासनेत आजही गातात. रविवारी कानावर पडली तर जरा थांबा.