हॉर्न बदलला म्हणून गिअरबॉक्सची वॉरंटी जाते?

देहूरोडच्या बाजारात नवी गाडी उभी करा, चहाच्या टपरीवरून सल्ला आलाच समजा : "बाहेरून काही लावू नका हो, वॉरंटी जाते." तीही सगळी! म्हणजे निगडीत हॉर्न बदलला की गिअरबॉक्सची जबाबदारीही कंपनीच्या अंगावरून उतरली. या पट्ट्यात घरटी कोणीतरी गाडीच्या कारखान्यात नाहीतर व्हेंडरकडे कामाला. लाइनवर पार्ट रिजेक्ट झाला की ही मंडळी आधी विचारतात, दोष आला कशामुळे? वॉरंटीतही नेमकं तेच विचारायचं असतं. पण स्वतःची गाडी आली की सगळे गप्प.

एक उदाहरण घ्या. हेडलाइटमध्ये ६०/५५ वॅटचा बल्ब असतो. हौसेने १००/९० वॅटचा बसवला, तर हाय बीमवर दोन्ही दिव्यांचा मिळून १० अँपिअरचा करंट १७च्या घरात जातो. तारेतली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. म्हणजे जवळपास पावणेतीन पट. कपलर वितळला आणि कंपनीने हात वर केले, तर तिचं बरोबर आहे. पण त्याच गाडीचा एसी कॉम्प्रेसर बसला तर? बल्बाचा त्याच्याशी काय संबंध, हे नकार देणाऱ्याने दाखवावं.

हे माझं मत नव्हे. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड केला. त्यांत आपल्या पिंपरीची टाटा मोटर्स होती, चाकणच्या फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझही होत्या. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, सदोष कामामुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच नाकारा, असं त्या आदेशात आहे. आदेश दुरुस्तीबद्दलचा, मॉडिफिकेशनबद्दलचा नव्हे. शिवाय कंपन्या अपिलात गेल्या. तेव्हा काउंटरवर तो नाचवू नका. आधी आपलं वॉरंटी बुकलेट उघडा. कुठे फक्त 'बदलामुळे झालेला बिघाड' वगळलेला असतो, कुठे अट त्याहून कडक असते.

बाकीचे गैरसमज थोडक्यात :

'वायर कापली नाही, कपलरवालं किट आहे.' – जास्तीचा करंट कपलरमधूनही तेवढाच वाहतो.

'अमेरिकेत कायदाच आहे.' – आहे, १९७५चा. तो तिथल्या ग्राहकांसाठी.

'वॉरंटी टिकली, म्हणजे बदल कायदेशीर.' – मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वेगळं. परवानगी नसलेल्या बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही.

'सीएनजी किट बसवलं, आरसीवर चढवलं, झालं.' – विमा कंपनीलाही कळवावं लागतं.

आणि सर्वांत महागडा गैरसमज : सर्व्हिस ॲडव्हायझर 'नाही' म्हणाला की विषय संपला. नकाराचं कारण जॉबकार्डवर लिहून मागा. नुसतं 'बाहेरचं काम आहे' हे कारण नव्हे. कोणत्या बदलाने कोणता पार्ट गेला, ते लिहायला सांगा. कागद मिळाला की १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहेच. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे शुल्क नाही.

टपरीवरचा सल्लाही फुकटच असतो. पण तो कोणी लिहून देत नाही.