कमी बजेटमध्ये पीसी जोडताय? प्रोसेसरच्या आधी घरची लाईट बघा!

मोबाईल घेताना आपण काय बघतो? प्रोसेसर कुठला, रॅम किती, कॅमेरा कसा आणि भाव किती. लाईट गेली तरी फोन चालूच असतो, म्हणून विजेचा विचार कधी डोक्यात येतच नाही. पीसी जोडताना मात्र हीच सवय नडते. यूट्यूबवरचे बहुतेक बिल्ड व्हिडिओ दिल्ली-मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये बनतात. आपल्याकडे घरात काय काय होतं ते त्यांत नसतं.

मी तामलवाडीचा. सोलापूर-तुळजापूर रोडवरचं गाव, टोलनाका म्हटलं की बऱ्याच जणांच्या लक्षात येतं. माझी चुलत बहीण कॉम्प्युटरच्या डिग्रीला आहे, रोज एसटीनं सोलापूरला जाऊन येते. कॉलेजच्या लॅबमध्ये जेवढा वेळ मिळेल तेवढाच कोडिंगचा सराव, बाकी सगळं फोनच्या स्क्रीनवर. सोयाबीनचे पैसे आले तेव्हा काकांनी त्यातले ४० हजार बाजूला काढले आणि पार्टची यादी करायचं काम माझ्याकडे आलं. मॉनिटर, यूपीएस, सगळं धरून ४० हजार. पुढची चार-पाच वर्षं या घरातून संगणकासाठी दुसरे एवढे पैसे निघणार नाहीत हे सगळ्यांनाच माहीत होतं. त्यामुळे यादीतल्या प्रत्येक ओळीला दोन प्रश्न: हे टिकेल का, आणि नंतर यात भर घालता येईल का?

(लॅपटॉप का नाही? ती होस्टेलला राहत असती तर मी लॅपटॉपच सांगितला असता. घरी बसूनच काम करायचं असेल तर त्याच पैशात पीसी जास्त देतो, आणि बिघडला तर एकच पार्ट बदलतो.)

"आय७, १६ जीबी, एसएसडी, एकदम स्वस्त!"

यादी सुरू करायच्या आधीच काकांच्या व्हॉट्सअॅपवर अशी एक जाहिरात येऊन पडली. तुमच्याकडेही आली असेल. काचेचा कॅबिनेट, आत रंगीत पंखे, अर्ध्याहून कमी किंमत.

यात विचारायचा प्रश्न एकच: कुठल्या जनरेशनचा आय७? बहुतेक वेळा उत्तर आय७-२६०० किंवा आय७-३७७० असं येतं. पहिला २०११ चा, दुसरा २०१२ चा. नाव आय७ असलं तरी २०२२ च्या साध्या आय३-१२१०० समोर तो टिकत नाही. हे स्नॅपड्रॅगनसारखंच आहे, दहा वर्षांपूर्वीचा सगळ्यात भारी चिप आजच्या मिडरेंज फोनपुढे मागे पडतो. त्यात रॅम डीडीआर३, जी पुढच्या कुठल्याही बोर्डवर चालणार नाही. मदरबोर्ड तर कुठल्या कंपनीचा हेच बिलावर लिहिलेलं नसतं.

आणखी एक गोष्ट. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला मायक्रोसॉफ्टच्या नियमाप्रमाणे इंटेलचा आठव्या जनरेशनपासूनचा किंवा एएमडीचा रायझन २००० पासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० लागतं. काही तुरळक अपवाद आहेत, पण हे जुने आय७ त्यांत नाहीत. जुगाड करून विंडोज ११ टाकून देतात खरं, पण पुढच्या अपडेटची खात्री कोण देणार? अशा मशीनवर लिनक्स मिंट छान चालतं, हे मान्य. फुकट मिळत असेल तर जरूर घ्या. कमावलेले पैसे मोजून घेऊ नका.

प्रोसेसर: ग्राफिक्स कार्ड लागणारच नाही असा

या बजेटमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड घ्यायला गेलात तर बाकी सगळं हलकं घ्यावं लागतं. म्हणून ग्राफिक्स आतच असलेला प्रोसेसर हवा. माझ्यासमोर दोन नावं होती.

एक, इंटेलचा आय३-१२१००. चार कोअर, आठ थ्रेड, आत यूएचडी ७३० ग्राफिक्स. नावाच्या शेवटी 'एफ' असेल तर तो घेऊ नका, त्यात ग्राफिक्स नसतात आणि वेगळ्या कार्डाशिवाय स्क्रीन काळीच राहील. हजार-दोन हजार वाचतात म्हणून दुकानदार तो पुढे करतो. दुसरा, एएमडीचा रायझन ५ ५६००जी. हा २०२१ चा, सहा कोअर, बारा थ्रेड, आत वेगा ग्राफिक्स. एएमडीच्या या मालिकेत 'जी' म्हणजे ग्राफिक्स आत आहेत. ५५०० किंवा ५६०० असं नुसतं लिहिलं असेल तर नाहीत.

नुसतं टायपिंग, टॅली, ब्राउझर, कोडिंग असेल तर आय३ पुरून उरतो. पण बहिणीला अँड्रॉइड स्टुडिओ चालवायचा होता, अधूनमधून व्हिडिओ एडिट करायचे होते, आणि धाकट्या भावाची गेमची भुणभुण होतीच. म्हणून ५६००जी. बॉक्सपॅक घेतला तर कूलर सोबतच येतो, तेवढे पैसे वाचले.

खरं सांगायचं तर हा ज्या एएम४ सॉकेटवर बसतो ते २०१६ पासूनचं आहे आणि आता त्याची वाट संपत आली आहे. नवीन सॉकेट एएम५. पण त्याला महागडी डीडीआर५ रॅम लागते, बोर्डही महाग. ४० हजारांत तिकडे गेलो असतो तर एसएमपीएस आणि यूपीएसच्या पैशाला कात्री लागली असती. ते मला नको होतं.

मदरबोर्ड ए५२० किंवा बी४५० चिपसेटचा, नावाजलेल्या कंपनीचा, एम.२ स्लॉट असलेला. दुकानदाराला एवढंच विचारा: "याचं बायोस ५६००जी ओळखतं ना?" काही बोर्ड या प्रोसेसरच्या आधी बनलेले असतात, जुनं बायोस असेल तर मशीन सुरूच होत नाही. तिथेच अपडेट करून द्यायला सांगा.

रॅम: एक मोठी की दोन छोट्या?

२०२५ च्या शेवटी रॅमचे भाव जगभर भडकले. एआयच्या डेटा सेंटरना प्रचंड मेमरी लागते, आणि सॅमसंग, एसके हायनिक्स, मायक्रॉन या बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या तिकडे वळल्या. मायक्रॉननं तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशल या ग्राहकांसाठीच्या ब्रँडमधून बाहेर पडायचं जाहीर केलं. त्यामुळे जुन्या व्हिडिओतला रॅमचा भाव धरून बजेट करू नका, त्या दिवशीचा विचारा.

आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते तुमच्या रॅममधूनच जागा घेतात. डीडीआर४-३२०० ची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी डेटा पोचवू शकते, दोन पट्ट्या दोन चॅनलमध्ये लावल्या की ५१.२. म्हणून १६ जीबीची एक घेण्यापेक्षा ८-८ च्या दोन घ्या, गेममध्ये फरक डोळ्याला दिसतो. पैसे कमीच पडले तर आज ८ ची एक आणि पुढच्या पगाराला किंवा पिकाला तशीच दुसरी. फोनमध्ये ही सोय नाही.

एसएमपीएस, अर्थिंग आणि यूपीएस

आता मुख्य मुद्दा. काकांचा प्रश्न होता, "आरं, दुकानदार म्हणतोय कॅबिनेटसंगं एसएमपीएस फुकट हाय, मग येगळा कशाला घ्यायचा?"

मी म्हटलं, "काका, मोटारीला चांगला स्टार्टर का बसवला?" ते हसले, पण पटलं.

एसएमपीएस म्हणजे भिंतीतली २३० व्होल्टची वीज घेऊन संगणकाला १२, ५ आणि ३.३ व्होल्ट देणारा डबा. त्यातून जे बाहेर पडतं ते थेट बोर्ड, प्रोसेसर, एसएसडीला जातं. फुकटच्या डब्यावर मोठ्या अक्षरात ४५० वॅट लिहिलेलं असतं. ते सोडा, बाजूच्या स्टिकरवर १२ व्होल्टच्या रकान्यात अँपिअर किती ते बघा. समजा १४ लिहिलंय. १२ गुणिले १४ म्हणजे १६८ वॅट. आजच्या संगणकात जवळजवळ सगळा भार १२ व्होल्टवरच असतो, म्हणजे ४५० चा डबा प्रत्यक्षात १६८ चा. चांगल्या ४५० वॅटच्या एसएमपीएसवर तिथे ३५ च्या आसपास आकडा असतो, म्हणजे ४२० वॅट.

८० प्लसचा शिक्का बघाच, पण तो फक्त वीज किती वाया जात नाही हे सांगतो. व्होल्टेज चढलं किंवा शॉर्ट झालं तर बंद होण्याची सोय आहे का, हे बॉक्सवर वेगळं वाचा. आणि इनपुटला १००-२४० व्होल्ट लिहिलंय की २००-२४०, हेही. संध्याकाळी सगळ्या मोटारी एकदम सुरू झाल्या की डीपीवरचं व्होल्टेज कसं बसतं ते आपल्याला माहीत आहे. अशा वेळी १०० पासून चालणारा डबा तग धरतो. ४० हजारांतले तीन-साडेतीन हजार मी इथेच राखून ठेवले, आणि ते शेवटपर्यंत हलू दिले नाहीत.

पुढचं अर्थिंग. कॅबिनेटला हात लावल्यावर हाताला मुंग्या येतात, असा अनुभव किती जणांना आहे? लोक म्हणतात एसएमपीएस खराब. बहुतेक वेळा तो चांगला असतो. त्याच्या आत फेज आणि न्यूट्रलकडून बॉडीकडे जोडलेले दोन छोटे कपॅसिटर असतात, विजेतला कचरा गाळून अर्थमध्ये सोडायला. अर्थिंगच नसेल तर तो कचरा जाणार कुठे? बॉडीवर साधारण निम्मं, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास व्होल्टेज तरंगत राहतं. करंट अगदी थोडा असतो म्हणून फक्त मुंग्या येतात. पण उद्या आत खराखुरा शॉर्ट झाला तर तोच डबा जिवावर बेतू शकतो. शिवाय अशा अवस्थेत एचडीएमआयची वायर टीव्हीला लावताना पोर्ट उडण्याची भीती.

आपल्याकडच्या कितीतरी घरांत बोर्डाला तीन भोकं असतात, पण वरच्या मोठ्या भोकामागे वायरच नसते. स्वस्त एक्स्टेंशनमध्येही तेच. वायरमनला बोलावून फेज आणि अर्थमध्ये २३० च्या आसपास येतं का हे मीटरनं बघायला सांगा. स्वतः उद्योग करू नका. काकांच्या घरी अर्थची वायर होती, पण अंगणातल्या खड्ड्यात ती कधीच तुटून पडली होती. मीठ-कोळसा भरून नवीन पाइप बसवला, त्याचा खर्च एसएमपीएसपेक्षा कमी आला.

उरला यूपीएस. घरात इन्व्हर्टर आहे म्हणून तो नको असं वाटतं. एटीएक्स मानकाप्रमाणे लाईट गेल्यावर एसएमपीएस साधारण १६-१७ मिलीसेकंद दम धरतो. साध्या मोडमधला इन्व्हर्टर कधी कधी त्याहून जास्त वेळ घेतो आणि संगणक रीस्टार्ट होतो. इन्व्हर्टरला मागे 'यूपीएस' मोडचं बटण असेल तर आधी ते लावून बघा, मात्र तो साइनवेव्हचा हवा. बटण नसेल तर ६०० व्हीएचा लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस. तो साधारण ३६० वॅटचा असतो, आणि आपला ५६००जी चा संगणक मॉनिटरसकट क्वचितच दीडशे वॅटच्या वर जातो. असे यूपीएस व्होल्टेज वर-खाली झालं तर बॅटरीला हात न लावता सावरून घेतात. बऱ्याच मॉडेलवर १४५ ते २९० व्होल्टच्या आसपासची रेंज छापलेली असते. बॅटरीवर काम करत बसायचं नाही, फाइल सेव्ह करून बंद करायचं, एवढाच त्याचा उपयोग.

बाकीचं पटकन

एसएसडी ५०० जीबीची, एनव्हीएमई. हार्डडिस्क नंतर. अनोळखी ब्रँडची '२ टीबी' एसएसडी कवडीमोल भावात दिसली तर हात लावू नका, त्यात आकडा खोटा असतो आणि भरत गेलं की जुना डेटा पुसला जातो.

कॅबिनेट पुढून जाळीचा घ्या, आत धूळ अडवणारा फिल्टर असलेला. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४० च्या वर, त्यात पत्र्याची खोली. पुढून काचेनं बंद केलेल्या कॅबिनेटमध्ये ५६००जी ९५ अंशाकडे सरकतो आणि स्वतःचा वेग कमी करतो. दिवे नसलेला पंखा तेवढीच हवा देतो! हायवेलगत घर असेल तर महिन्याला एकदा ब्लोअर मारा.

खरेदी आम्ही सोलापुरातच केली, दोन-तीन पार्ट ऑनलाइन. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला भाव कमी मिळेलही, पण बोर्ड बिघडला तर वॉरंटीसाठी तिकडे कोण हेलपाटे घालणार? जीएसटीचं पक्कं बिल घ्या, बिलावर प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर लिहून घ्या आणि त्याचा फोटो फोनमध्ये ठेवा.

मशीन पहिल्यांदा सुरू झाल्यावर बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा डीओसीपी चालू करा, नाहीतर ३२०० ची रॅम २४०० किंवा २६६६ वरच पळत राहते. आणि एचडीएमआयची वायर मदरबोर्डलाच लावायची. पुढे कधी ग्राफिक्स कार्ड आलं, की तीच वायर काढून कार्डाला.